बुडाचा आटा

निवडणूक संपली, आचारसंहिता उठली,
आणि दोन महिने ठाण्याच्या कोपऱ्यात उभी असलेली
ठासणीची बंदूक मी सही करून घरी आणली.
परवान्यावर आता माझं नाव:
शालन विठोबा घाडी, शेतसंरक्षणासाठी.
फोटोत मीच चोर दिसते.

चौथ्या रात्री कणगरांच्या वाफ्यात डुक्कर.
चाप ओढला. घोडा पडला. टोपी वाजली,
टच्च,
आणि पुढं काहीच नाही.
डुकराने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं,
परत तोंड मातीत घातलं.
मी नळी खाडीकडे धरून शंभरपर्यंत मोजत राहिले.
उशिरा उडालेला बार माणूस बघत नाही,
हे बाबांनी शिकवलेलं.

भरलेली बंदूक एसटीतून नेता येत नाही,
म्हणून गुणाजी मेस्त्रीच आले,
सायकलच्या कॅरियरला पान्ह्यांची पिशवी,
चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली.
आधी निपल काढली, भोकातून पाणी सोडलं,
दारूचा चिखल होऊ दिला.
मग गजाला वळसा लावून
चिंध्या, छर्रे, काळा रेंदा
सगळं पडवीत ओढून काढलं,
आजारी माणसाच्या घशातला बेडका काढावा तसं.

मग नळीत फुंकले. गाल फुगले, डोळे लाल.
बत्तीच्या भोकाशी मी बोट धरलेलं.
वारा नाही.
"इस्तव जातलो खयसून? वाट बुजली हा.
तुज्या बापसान बुडाचो आटो कधी सोडलोच नाय."

बाबा नळी पुसायचे, बाहेरून, आरशासारखी.
दसऱ्याला झेंडूचा हार घालायचे.
बुडाला हात लावायचा नाही, म्हणायचे,
तिथं तिचा जीव असतो.

मेस्त्रींनी आधी छिन्नीने खूण केली,
अर्धी नळीवर, अर्धी बुचावर,
परत बसवताना दोन्ही रेघा जुळाव्यात म्हणून.
तेल सोडून रात्रभर ठेवलं.
सकाळी पान्हा लावून दोघं लोंबकळलो,
आणि ते कुरकुरत फिरलं.

आत बाबा होते.
म्हणजे त्यांची वीस वर्षं,
भाताच्या टोपाला तळाशी खरपुडी धरते तशी,
थरावर थर, काळी, कडक,
कुजक्या अंड्याच्या वासाची.
माकडांवर उडवलेले बार, आणि दिवाळीला उगाच उडवलेला एक.
मी काही बोलणार होते.
मेस्त्रींनी ते सगळं खरवडलं
आणि हात लेंग्याला पुसला.

कढत पाणी, साबणाचा चुरा, जुना टूथब्रश.
आट्यांच्या घळीघळीतून काळं पाणी निघालं,
ते केळीच्या बुडात ओतलं.
बत्तीच्या वाटेतून कोंबड्याचं पीस फिरवलं,
तीनदा, पांढरं बाहेर येईपर्यंत.
उन्हात सुकवलं.
मग आट्यांना भिरंडेल चोळलं,
आई टाचांच्या भेगांना लावायची तेच.
"खाऱ्या वाऱ्याक ह्यांच सोसता," मेस्त्री म्हणाले,
"पण वाटेत नको हां. तेलान पण दारू मरता."
रेघ रेघेला जुळली.

"ह्यां घरात उघडूचा नाय. माका बलव.
तू निपल तेवडी काढ, बार उडयल्यार त्याच रात्री.
उद्या म्हणशात तर गंज आज म्हणता."
पैसे घेतले नाहीत. कणगरं नेली,
डुकराने ठेवली होती तेवढी.

संध्याकाळी दारू न भरता नुसती टोपी लावली,
नळीचं तोंड चुलीपुढच्या राखेजवळ नेलं
आणि चाप ओढला.
राख उडाली. मांजर पळालं.
इतक्याशा फुंकरीने मला हसू आलं,
नंतर बराच वेळ दुसरंच काही.

टोपीचीही काजळी धरते,
म्हणून त्याच रात्री निपल काढली, धुतली, सुकवली.
भिंतीवरच्या कॅलेंडरात,
सिलिंडर लावल्याच्या तारखेखाली
लिहून ठेवलं: बूड साफ.
डुक्कर अजून आलेलं नाही.
कणगरंही आता फारशी नाहीत.